वाफ तेलाला ढकलत नाही

नमस्कार. जड तेलावरील मागील व्हिडिओखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्यासाठी स्वतंत्र व्हिडिओ करणे भाग पडले: "वाफेचा दाब वाढवला, तर तेल लवकर वर ढकलले जाणार नाही का?" या गैरसमजाचे खापर मला प्रेक्षकांवर फोडता येणार नाही, कारण त्या व्हिडिओतील आकृतीत वाफेकडून तेलाकडे जाणारा जाडजूड लाल बाण मीच काढला होता. तो बाण चुकीचा होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील अथाबास्का भागात वाळूत अडकलेले बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखे घट्ट तेल, जमिनीखाली साधारण १० अंश सेल्सिअस तापमानाला असते आणि तेथे त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, दहा लाख सेंटिपॉइजच्याही पुढे जाते. पाण्याची श्यानता सुमारे १ असते, हे लक्षात घेतले म्हणजे हे डांबर विहिरीकडे आपणहून का येत नाही, ते कळते. तेच बिट्युमेन २०० अंशांपर्यंत तापवले, की श्यानता १० च्या आसपास उतरते. थर उथळ असेल तर खाण खोदतात, खोल असेल तर वाफ सोडतात.

वाफेची जी पद्धत तेथे रुळली, तिला सॅगडी (SAGD, म्हणजे स्टीम-असिस्टेड ग्रॅव्हिटी ड्रेनेज) म्हणतात. इम्पिरियल ऑइलमधील अभियंते रॉजर बटलर यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना विकसित केली. थराच्या तळाशी दोन आडव्या विहिरी एकीवर एक, सुमारे ५ मीटर अंतराने खोदतात. वरचीतून वाफ सोडतात आणि खालचीतून तेल काढतात. आरंभीचे काही महिने दोन्ही विहिरींत वाफ फिरवून मधली वाळू नुसती तापवावी लागते.

आता मूळ मुद्दा. वाफ वर चढते, थंड बिट्युमेनला भिडते, तेथे तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपली उष्णता देऊन टाकते. पातळ झालेले बिट्युमेन आणि ते पाणी वाफेने व्यापलेल्या भागाच्या कडेने खाली ओघळतात, तेही स्वतःच्या वजनाने. पद्धतीच्या मूळ नावातच गुरुत्वाकर्षण आहे. खालच्या विहिरीतून पृष्ठभागापर्यंतचे काम पंप किंवा गॅस लिफ्ट (विहिरीत वायू सोडून द्रव वर आणण्याची पद्धत) करते.

हेच उष्णतेच्या हिशेबाने पाहू. दहावीला शिकलेला अप्रकट उष्मा येथे कामाला येतो. २०० अंशांच्या एक किलो कोरड्या वाफेत जी उष्णता असते, तिच्यातील सुमारे १९४० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ७० टक्के, वाफेचे पाणी होतानाच बाहेर पडते. मोदकपात्राचे झाकण घाईने उघडताना मनगटावर बसलेला चटका मला आजही आठवतो. तो इतका जबर होता, कारण त्या वाफेचे पाणी माझ्या कातडीवर झाले होते. सॅगडीत हे पाणी बिट्युमेनला भिडूनच व्हायला हवे. पाणी न होता वाफ खालच्या विहिरीत शिरली, तर जी उष्णता देण्यासाठी ती पाठवली होती, तीच घेऊन ती परत येते.

म्हणूनच खालच्या विहिरीच्या वर तेल आणि पाण्याचे एक तळे मुद्दाम राखतात. विहिरीतून येणारा द्रव, तेथील दाबाला वाफेचे जे तापमान असते त्यापेक्षा काही अंशांनी थंड ठेवतात. या फरकाला सबकूल म्हणतात आणि ऑपरेटरची नजर सतत त्यावर असते. "खालच्या विहिरीची झडप आणखी उघडली तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. जास्त उघडल्यास उत्पादन काही काळ वाढल्यासारखे दिसते, पण तळे आटते, वाफ सरळ आत घुसते आणि तिच्याबरोबर वेगाने आलेली वाळू विहिरीतील चिरा पाडलेली नळी झिजवते. एक बॅरल तेलासाठी सर्वसाधारणपणे दोन ते चार बॅरल पाण्याची वाफ करावी लागते आणि तिच्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. तळे राखले नाही, तर पहिला फटका या गुणोत्तराला बसतो.

तरीही ज्यांना दाबच वाढवायचा आहे, त्यांनी अल्बर्टातील जोस्लिन क्रीकची घटना ध्यानात घ्यावी. १८ मे २००६ रोजी तेथे वाफेने वरचा आच्छादक खडक भेदला, ती थेट पृष्ठभागावर फुटली, दगडमाती उडाली आणि जंगलात खड्डा पडला. दाबाची मर्यादा त्या खडकाच्या ताकदीने ठरते. आपल्या घाईने ठरत नाही.

भारतात हे होते का, असेही अनेकांनी विचारले आहे. गुजरातच्या मेहसाणा भागातील बालोल आणि संथाल क्षेत्रांत वाफेऐवजी हवा आत सोडून थरातच तेलाचा काही भाग जाळतात आणि त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करतात. राजस्थानातील बाघेवाला क्षेत्रात मात्र ऑइल इंडियाने चक्रीय वाफेची पद्धत वापरली आहे: एकाच विहिरीत वाफ सोडायची, विहीर काही दिवस बंद ठेवायची आणि मग तिच्यातूनच तेल काढायचे. मधले बंद ठेवण्याचे दिवस वाया जातात, असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. वाफ आपली उष्णता थराला देते ती याच दिवसांत.