आधी ओल शोधा, मग बुरशीचं नाव

मघाशी आत शिरताना दोघांनी मला एकच प्रश्न विचारला, "बुरशी आहे की नाही हे कळायला कोणती टेस्ट करायची?" आजचा विषय तोच आहे. पण आधी एका ग्रंथालयाची गोष्ट सांगू द्या.

तिथे कातडी बांधणीच्या पुस्तकांवर पांढुरका थर आला होता. कुणीतरी सांगितलं, हवा तपासा. मग तासभर पेट्री डिश, म्हणजे बुरशीचं खाद्य घातलेल्या चपट्या ताटल्या, उघड्या ठेवल्या. चार-पाच दिवसांत त्यात हिरवे-काळे ठिपके उगवले, सगळे हादरले आणि खोलीला कुलूप लागलं. मी गेल्यावर एक पुस्तक भिंगाखाली धरलं. बुरशीला बारीक, गुंतलेले तंतू असतात. इथे एकही तंतू नव्हता, नुसता मेणचट थर. कातड्यातली स्निग्ध द्रव्यं वर आली होती. जराशी ऊब लागताच थर नाहीसा झाला. भिंतीवरही असंच फसायला होतं: क्षार फुटले की लोक बुरशी म्हणतात. पाण्याचा थेंब टाका, क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

मग डिशमधले ठिपके? ती खरीच बुरशी होती. पण बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, हवेत सगळीकडे असतात. या सभागृहात आत्ता डिश उघडली तरी काहीतरी उगवेलच. श्वास रोखू नका, तुम्ही आयुष्यभर हीच हवा घेताय!

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्याच खोलीत खरी बुरशी होती. बाहेरच्या भिंतीला चिकटून उभ्या केलेल्या कपाटाच्या सर्वात खालच्या खणात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या मागच्या बाजूला. वाकलं की कुबट वास यायचा. पण कुणी वाकलंच नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष रिपोर्टकडे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा टेस्टचं भराभर सांगतो. हवेतले बीजाणू पट्टीवर पकडून मोजतात, त्यात मेलेले-जिवंत दोन्ही येतात आणि ॲस्परजिलस व पेनिसिलियम या दोन बुरशींचे बीजाणू वेगळे ओळखता येत नाहीत. डिशमध्ये फक्त जिवंत, तेही त्या खाद्यावर वाढणारेच उगवतात. बाहेरच्या हवेचा नमुना सोबत नसेल तर आतला आकडा काहीच सांगत नाही. डागावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण तिथे वाढ झाली आहे की नुसते बीजाणू येऊन बसलेत, हे कळतं.

मग बुरशीचं नाव कशाला हवं? ओलीची साक्ष म्हणून. स्टॅकिबोट्रिस किंवा किटोमियम ही बुरशी कागदा-पुठ्ठ्यावर सापडली, तर तिथे पाणी मुरलं होतं, नळ किंवा छप्पर बघा. ॲस्परजिलसच्या काही जाती नुसत्या दमट हवेवरही जगतात. त्या सापडल्या तर हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, लावा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहू देऊ नका. भिजलेला कागद ४८ तासांच्या आत सुकवा, नाहीतर गोठवून ठेवा.

डाग ओलसर असून फासला जात असेल तर ब्रश लावू नका. आधी ती वस्तू वेगळी काढून सुकवा. डाग कोरडा, भुकटीसारखा झाला की हेपा फिल्टरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीच्या, व्हॅक्यूमने, मास्क लावून काढा. आणि कपाटं भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल आणि बॅटरी धरून तुम्हाला आत डोकावता येईल.