या वाटेवरून आधी काय जायचं?

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला फोनवर इंग्लंडचा नकाशा दाखवला. देशभर सायकलमार्गांच्या रेघांचं जाळं पसरलेलं होतं. "ही सगळी सायकलचीच वाट ना? मग लंडनला उतरायचं आणि रेघ धरून निघायचं. पंधरा दिवसांत कॉर्नवॉल!" त्यांचा उत्साह पाहून मला फार बरं वाटलं. पण उत्तर मी मुद्दाम तुम्हा सगळ्यांसमोर बोलेपर्यंत राखून ठेवलं, कारण सायकलवर सुट्टी घालवायला इंग्लंडला निघालेल्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. माझीही झाली होती.

त्या जाळ्याला नॅशनल सायकल नेटवर्क म्हणतात. निळ्या पाटीवर पांढरी सायकल आणि लाल चौकोनात मार्गाचा क्रमांक, ही त्याची खूण. १९९५ साली लॉटरीच्या पैशातून ४ कोटी २५ लाख पौंडांचं अनुदान मिळालं आणि ते ब्रिटनभर पसरलं. ज्या सस्ट्रान्स संस्थेनं हे जाळं उभं केलं, तिनंच २०१८ साली सगळ्या मार्गांची झाडाझडती घेतली. तेव्हा १६,५७५ मैलांपैकी साधारण एक तृतीयांश वाटच मोटारींपासून मोकळी निघाली. बाकीची सगळी रस्त्यावरून. पुढे २०२० मध्ये रस्त्यावरचे बरेच मार्ग संस्थेनं यादीतून काढले किंवा वेगळ्या वर्गात टाकले. स्वतःच्या कामाकडे इतक्या स्वच्छ नजरेनं पाहिलं, याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर आहे. पण नकाशावर दोन्ही वाटा एकाच क्रमांकाखाली सलग दिसतात, आणि हे माहीत नसलं तर पंचाईत होते.

माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही डेव्हनमध्ये लाल क्रमांकाची पाटी धरून चाललो होतो. एका गावात मोकळी वाट संपली आणि पाटीनं आम्हाला एका गल्लीसारख्या रस्त्यावर वळवलं. डेव्हनचे हे आडरस्ते दिसायला सुंदर असतात. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे मातीचे बांध, वर काटेरी झुडपं, मध्ये एक मोटार जेमतेम जाईल एवढी जागा, आणि पुढचं वळण दिसत नाही. रस्त्याच्या तोंडाशी पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा असलेली पाटी असते. 'वेगमर्यादा संपली' एवढाच अर्थ मी धरला होता. खरं म्हणजे अशा रस्त्यावर ताशी ६० मैलांपर्यंत, म्हणजे ९६ किलोमीटरपर्यंत मुभा आहे, असं ती पाटी सांगते. वळणावरून ट्रॅक्टर आला. आम्ही सायकली झुडपात ढकलल्या आणि बांधाला पाठ टेकून उभ्या राहिलो. ट्रॅक्टरवाल्यानं वेग अगदी कमी करून, हात वर करून आम्हाला पार केलं. पण त्यानंतर मुलगी सायकलवर बसलीच नाही, संध्याकाळपर्यंत हातात धरून चालत राहिली. रात्री तिनं एवढंच विचारलं, "आई, आपण मोटारी नसलेल्या वाटेनं जाणार होतो ना?"

त्या रात्रीपासून मी नकाशा वेगळ्या पद्धतीनं वाचायला लागले. क्रमांक नाही, लांबी नाही. मी आधी एकच प्रश्न विचारते: या वाटेवरून आधी काय जायचं? आगगाडी जायची का? कालव्यातली होडी ओढणारा घोडा चालायचा का? उत्तर मिळालं की चढ किती, पायाखाली काय, रुंदी किती आणि वाट मध्येच कुठे तुटेल, हे बरंचसं घरबसल्या समजतं.

पहिली आगगाडी. मी ब्रिस्टलला राहते, त्यामुळे माझ्या दारातलंच उदाहरण देते. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमधले हजारो मैल लोहमार्ग बंद झाले. ब्रिस्टल ते बाथ हा जुना मिडलंड रेल्वेचा फाटा त्यातलाच. रूळ उखडल्यावर उरला तो खडीचा भराव, पूल आणि एक बोगदा. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या काही सायकलवाल्यांनी एक गट काढला, जॉन ग्रिमशॉ नावाचे इंजिनिअर त्यांच्यात होते. या गटाचीच पुढे सस्ट्रान्स झाली. १९७९ पासून या लोकांनी स्वयंसेवकांना हाताशी धरून, फावडी घेऊन ही वाट बांधली, आणि १९८६ पर्यंत ब्रिस्टल ते बाथ १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर, डांबरी वाट तयार झाली. आज त्यावरून शाळेची मुलं जातात, नोकरदार जातात, कुत्री फिरवणारी आजी-आजोबा जातात. बिटनला तर तुम्ही सायकलवर आणि शेजारच्या रुळांवरून हौशी मंडळींनी जपलेलं वाफेचं इंजिन, असे बरोबरीनं जाता. सकाळी कामाच्या वेळी मात्र तिथे गर्दी असते, पाहुण्यांनी दहानंतर निघावं.

जुनी रेल्वे चांगली का, तर रेल्वेला चढ सोसत नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इंग्लंडमधल्या बहुतेक फाट्यांवर चढ याहून पुष्कळच सौम्य आहे. डोंगर आला की खोदून आरपार, दरी आली की कमानींचा पूल. दीडशे वर्षांपूर्वी हजारो मजुरांनी जी माती उपसली, तिच्यामुळे आज तुमचे गुडघे वाचतात. सायकल चालवताना मला त्या माणसांची आठवण नेहमी येते.

पण रेल्वेची जमीन विकली तेव्हा ती तुकड्यातुकड्यानं गेली. कुठे पूल पाडला, कुठे फलाटावर घरं उभी राहिली. म्हणून या वाटा मध्येच तुटतात, आणि तुटतात तिथे रस्ता लागतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याचा हट्ट धरला की असे सांधे वाट्याला येतात. मोटारी नकोतच असतील, तर एका गावात चार दिवस मुक्काम ठोकावा आणि रोज त्याच वाटेवर जाऊन परत यावं. परतीचा रस्ता तोच असला तरी ऊन दुसऱ्या बाजूनं येतं, आणि जाताना पाठीमागे राहिलेला डोंगर येताना समोर असतो. कंटाळा येत नाही, अनुभवानं सांगते.

डर्बिशायरमधली मॉन्सल ट्रेल याला उत्तम. साडेआठ मैलांचीच वाट आहे, बेकवेलजवळ सुरू होऊन वाय नदीच्या दरीतून जाते. तिच्यावरचे मोठे बोगदे कितीतरी वर्षं बंद होते, ते २०११ साली दिवे लावून उघडले. हेडस्टोनच्या बोगद्यातून बाहेर पडलात की एकदम उंच पुलावर येता आणि सगळी दरी पायाखाली उघडते. ही रेल्वे बांधली तेव्हा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी फार संताप केला होता, बक्स्टनच्या माणसांना बेकवेलला अर्ध्या तासात पोचता यावं म्हणून एवढी दरी नासवली, असं त्यांचं म्हणणं. आज तोच पूल वारसा म्हणून जपला जातो. मी पुलाच्या कठड्याशी उभी असते तेव्हा मला दोन्ही पक्ष पटतात.

त्याच भागात आणखी दोन वाटा 'पार्स्ली हे' नावाच्या ठिकाणी एकमेकींना मिळतात. टिसिंग्टन ट्रेल १३ मैलांची, १९७१ पासूनची. ती ॲशबोर्नहून सुरू करा, कारण जाताना हळूहळू चढ आहे, म्हणजे दमल्यावर येताना उतार मिळतो. दुसरी हाय पीक ट्रेल १७ मैलांची, आणि हिच्यामुळे माझा प्रश्न मला अधिक बारकाईनं विचारावा लागला. तीही रेल्वेच, पण १८३०-३१ सालची, दोन कालव्यांना जोडण्यासाठी काढलेली. ज्यांनी आखली त्यांच्या डोक्यात कालवाच होता: लांब सपाट पट्टे, आणि कालव्याला जिथे लॉक (होडीला पाण्याबरोबर वर-खाली नेणारे दरवाजे) असतात तिथे एकदम तीव्र उतार. त्या उतारांवर डबे माथ्यावरच्या स्थिर इंजिनानं दोर-साखळीनं ओढून घेत. मिडल्टनचा उतार जवळजवळ ८ फुटांमागे १ फूट आहे. वर ते इंजिनघर अजून उभं आहे, जरूर बघा. पण क्रॉमफर्डकडे उतरताना सायकलवरून खाली या आणि ती हातात धरून चाला. सामान लादलेल्या सायकलचे ब्रेक तिथे भरवशाचे नाहीत.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी ते स्कारबरो ही सिंडर ट्रॅक २१ मैलांची आहे. समुद्राचं असं दर्शन दुसऱ्या वाटेवर मला मिळालं नाही. पण रेव्हन्सकारला चढताना ३९ फुटांमागे १ फूट, म्हणजे आपला खंडाळाच. नावातला सिंडर म्हणजे कोळशाची कच, रुळांखाली तीच पसरलेली असायची. वाटेचे बरेच पट्टे अजून खडबडीत आहेत. पातळ टायरची सायकल आणि लहान मुलं घेऊन तिकडे जाऊ नका. ३५ मिलिमीटरच्या वरचा टायर असेल, पायात बळ असेल, तर नक्की जा.

आता कालवे. कालव्याच्या काठानं होड्या ओढणाऱ्या घोड्यासाठी जी पायवाट होती, तिला टोपाथ म्हणतात. ती सपाट असणारच, पाणी कलत नाही. चढ असतो तो फक्त लॉकपाशी. केनेट अँड एव्हन कालव्यावर डिव्हायझेसला २९ लॉक आहेत, त्यातले १६ एका ओळीत टेकडी चढतात, आणि तुम्हीही त्यांच्या कडेनं चढता. बाकी बाथपासून तिथपर्यंत अगदी निवांत. पण घोड्याला लागते तेवढीच रुंदी. त्यात मासे धरणारे बसलेले, होडीत घर केलेल्या माणसांच्या कुंड्या आणि सरपण काठावर मांडलेलं. पुलाखाली वाट आणखी अरुंद होते आणि पलीकडचं दिसत नाही. अशा पुलांच्या कोपऱ्यांवर हात फिरवून पाहा. जुन्या दगडात किंवा त्यावर बसवलेल्या लोखंडी पट्टीत बोटभर खोल चऱ्या लागतात. ओल्या दोरांनी, वर्षानुवर्षं घासून पाडलेल्या. कालव्यावर ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर वेगाची अपेक्षाच धरू नका. घंटी वाजवा, थांबा, "मॉर्निंग" म्हणा, मग पुढे व्हा.

बाथमध्ये रेल्वे आणि कालवा दोन्ही जोडून एक १३ मैलांची फेरी होते, ती मी प्रत्येक पाहुण्याला घडवते. त्यात कूम डाउनचा बोगदा आहे, १,६७२ मीटर लांबीचा. २०१३ साली तो सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी उघडला. आत शिरताना जूनमध्येसुद्धा गार हवेचा झोत छातीवर येतो. मंद दिवे, टायरचा आवाज भिंतींवरून परत येतो, आणि मध्यावर कुठून तरी तंतुवाद्यांचे सूर ऐकू यायला लागतात. बोगद्यात मुद्दाम बसवलेलं संगीत आहे ते. या बोगद्याला मध्ये धूर जायला वाट नव्हती. १९२९ साली मालगाडीचे चालक धुरानं बेशुद्ध पडले, गाडी तशीच उतारावरून बाथच्या यार्डात घुसली आणि तिघांचा जीव गेला. म्हणून त्या सुरांपाशी मी दर वेळी थोडी थांबते. स्वेटर आणि स्वतःचा दिवा जवळ ठेवा.

वाट कागदावर कितीही चांगली असली तरी तिच्या तोंडाशी फाटक कसलं आहे हे बघून घ्या. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी दोन लोखंडी खांब इतके जवळ रोवलेले असतात की हँडल जेमतेम निघतं. सामानाच्या पिशव्या उतरवायच्या, सायकल उभी करून ओढायची, पुन्हा पिशव्या चढवायच्या, दिवसातून आठ वेळा. तीनचाकी सायकल चालवणारी माझी एक मैत्रीण अशा एका फाटकावरून परत फिरली. तिला पलीकडची वाट दिसत होती. ही फाटकं काढून टाकायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती काढायला सुरुवात झाली आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. पहिल्यांदाच जात असाल आणि एकच आठवडा असेल, तर मी टार्का ट्रेल सांगेन. कॉर्नवॉलची कॅमल ट्रेल जास्त प्रसिद्ध आहे, पण ऑगस्टमध्ये पॅडस्टो ते वेडब्रिज या साडेपाच मैलांवर इतकी माणसं असतात की सायकल चालवण्यातलं सुख उरत नाही. मे नाही तर सप्टेंबरात ती छान. टार्का उत्तर डेव्हनमध्ये, ब्रॉन्टन ते मीथ, सुमारे ३० मैल मोकळी. बार्नस्टेपल ते बिडफर्ड खाडीच्या काठानं सपाट आणि डांबरी. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा, कारण तीच खाडी सकाळी चिखलाची, बगळ्यांची असते आणि दुपारी काठोकाठ चकाकते. इन्स्टोला जुनी सिग्नल केबिन अजून उभी आहे. बिडफर्डच्या जुन्या पुलाला २४ कमानी आहेत आणि एकीची रुंदी दुसरीसारखी नाही. टॉरिंग्टनच्या पुढे झाडीतून मंद चढ, पायाखाली बारीक खडी. पाऊस होऊन गेला असेल तर तिथे चेनला चिखल लागतो.

शिवाय एक्सेटरहून बार्नस्टेपलपर्यंत आगगाडी अजून चालू आहे, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की वाट जवळच. सायकल भाड्यानं तिथेच मिळते. स्वतःची नेणार असाल तर लंडनहून येणाऱ्या लांबच्या गाडीत सायकलची जागा आधी राखून ठेवा. बार्नस्टेपलच्या छोट्या गाडीत ती जागा मोजकीच असते, म्हणून शनिवार टाळा आणि सकाळची लवकरची गाडी धरा.