कागद सैल पडू देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

जुना घडीचा, भात्याचा कॅमेरा किंवा वरून मान घालून पाहायचा दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा कुणाच्या कपाटात पडून असेल, तर त्यांना मला आधी एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. त्याची फिल्म आजही मिळते. कोडॅकनं १९०१ साली ब्राउनी नंबर २ या खोक्याच्या कॅमेऱ्यासाठी १२० नंबरचा रोल काढला. तो आजही बनतो आणि तेव्हाच्या कितीतरी कॅमेऱ्यांत बसतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हा रोल म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर रुंद फिल्म आणि तिच्या पाठीला लांबलचक कागद. कॅसेट नाही, डबी नाही. फिल्म कागदाला एकाच टोकाला, सुरुवातीला चिकटवलेली असते. बाकी ती मोकळी. उजेडापासून तिचं रक्षण करतो तो फक्त घट्ट गुंडाळलेला कागद. म्हणूनच रोल भरण्याचं सगळं कौशल्य मी एका शब्दात सांगेन: ताण. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ राहिला पाहिजे.

रोल भरताना सावलीत बसा. मागच्या वेळची रिकामी रिळी कॅमेऱ्यात असेलच. ती काढून गुंडाळणाऱ्या चावीच्या बाजूला बसवा, कारण १२० मध्ये फिल्म उलटी गुंडाळून परत आणायची नसते. ती एका रिळीवरून दुसरीवर जाते आणि तिथेच राहते. नवा रोल दुसऱ्या बाजूला. आता वरची चिकटपट्टी सोडा, पण अंगठा रोलवरून हलवू नका. कागदाचं निमुळतं टोक रिकाम्या रिळीच्या खाचेत सरळ घाला. कागदाची काळी बाजू भिंगाकडे हवी, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. ते उलटं झालं तर फिल्मऐवजी कागदाचेच फोटो निघतील, म्हणजे काहीच निघणार नाही. चावीचे दोनएक वेढे द्या आणि कागदाच्या दोन्ही कडा रिळीच्या चकत्यांमध्ये समान बसताहेत का ते बघा. कागद तिरका जात असेल तर तिथेच सोडवून पुन्हा घाला, पुढे तो आपोआप सरळ होत नाही.

यानंतर प्रत्येक कॅमेऱ्याची रीत वेगळी. याशिकामॅटसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात कागदावरचा बाण आतल्या खुणेसमोर आणायचा, मग झाकण लावायचं. रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये कागद दोन बारीक रुळांच्या मधून न्यावा लागतो. कागदापाठोपाठ फिल्म आली की वाढलेली जाडी त्या रुळांना कळते आणि फोटोंची मोजणी सुरू होते. रूळ चुकवले तर कॅमेरा मोजणारच नाही.

साध्या कॅमेऱ्यांना मागे लाल खिडकी असते. कागदावर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात: सहा बाय नऊ सेंटिमीटरचे आठ फोटो, सहा बाय सहाचे बारा, सहा बाय साडेचारचे सोळा. खिडकी आपल्या मापाच्या ओळीवरच असते. आकडा जवळ आला की आधी खुणा दिसतात, तिथून सावकाश फिरवा. पूर्वीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून काच लाल. आजच्या बहुतेक फिल्मला तो दिसतो, तेव्हा आकडा पाहून झाला की खिडकीचं झाकण लावा, आणि उन्हात असाल तर आपल्या अंगाची सावली धरूनच पाहा.

घडीच्या कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. भाता झटकन उघडला की आत हवा ओढली जाते, तिच्यासोबत फिल्मही पुढे खेचली जाते आणि फोटोचा काही भाग धूसर येतो. भाता हळू उघडा आणि उघडल्यानंतरच पुढचा आकडा आणा, म्हणजे फिल्म पुन्हा ताठ होते. पण अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत एकाच जागी दोनदा शटर दाबता येतं, त्यामुळे फिल्म फिरवली की नाही हे तुमचं तुम्हालाच लक्षात ठेवावं लागेल. मी खिशात चिठ्ठी ठेवतो.

कॅमेऱ्यावर ६२० लिहिलं असेल तर निराश होऊ नका. फिल्म तीच आहे, फक्त रिळी बारीक. संपूर्ण अंधारात १२० ची फिल्म त्या रिळीवर गुंडाळून घेता येते. आधी वाया गेलेल्या रोलवर उजेडात सराव करा.

शेवटचा फोटो झाला की कागद पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत चावी फिरवत राहा. झाकण सावलीतच उघडा, रोल बोटांनी आवळून धरा, टोक दुमडून चिकटपट्टी लावा. रोल फुगलेला, सैल वाटला तर कडांमधून उजेड शिरतो. तो ओढून घट्ट करायला जाऊ नका, फिल्मवर ओरखडे पडतील. लगेच काळ्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत टाका आणि रोल धुणाऱ्याला सांगा, की हा अंधारातच उघडा.