एकट्याचा वाटाड्या

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘साताऱ्याची पायी फेरी : मार्गदर्शक कसा असावा आणि वाट कोणती असावी’ असा छापला आहे, आणि तो मीच कळवलेला असल्यामुळे त्याबद्दल संयोजकांना दोष देण्याची सोय राहिलेली नाही. इतकी वर्षे भूगोल शिकवल्यानंतर घंटा होण्यापूर्वी धडा संपवण्याची सवय मला असायला हवी होती. ती नाही, हे समोर बसलेल्या माझ्या काही जुन्या विद्यार्थिनींचे चेहरे पाहून इतरांच्या लक्षात आलेच असेल.

माझे म्हणणे मात्र थोडक्यात सांगता येते. शहर पाहायचे तर पायी पाहावे, जाणत्या माणसाबरोबर पाहावे आणि खर्च झेपत असेल तर तो माणूस त्या दोन-तीन तासांपुरता केवळ आपला असावा. असा मार्गदर्शक म्हणजे श्रीमंतांची चैन, असे आपण समजतो. मीही तसेच समजत होते. पण तीस जणांना एकदम शहर दाखवणाऱ्या माणसाला त्या तिसांपैकी कुणालाही खटकणार नाही असे बोलावे लागते, त्यामुळे तिसांपैकी एकाचाही प्रश्न त्याला नीट ऐकून घेता येत नाही. पूर्वी अनोळखी मुलखात जाणारा प्रवासी गावातून वाटाड्या घेत असे आणि तो वाटाड्या आधी विचारी, ‘जायचे कुठे?’ आजचा गाईड हा प्रश्न विचारत नाही, कारण कुठे जायचे ते त्याच्या कंपनीने महिनाभर आधीच ठरवलेले असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची सहल एका किल्ल्यावर गेली होती. किल्ल्याचे नाव सांगत नाही, कारण तिथला गाईड गरीब माणूस होता आणि त्याचा आवाज फार चांगला होता. त्याने आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत तीन भुयारे सांगितली. एक म्हणे पायथ्याच्या वाड्यात निघत होते, एक नदीवर आणि एक थेट दुसऱ्या किल्ल्यावर. महाराष्ट्रातल्या गाईडांनी सांगितलेली सगळी भुयारे खरी असती, तर खंबाटकीत बोगदा खोदण्याची वेळच आली नसती, आपण सगळे जमिनीखालूनच पुण्याला गेलो असतो. (आपल्या साताऱ्यात तर खऱ्याखुऱ्या बोगद्याला आपण नावसुद्धा ‘बोगदा’ एवढेच ठेवले आहे, याचे मला फार कौतुक वाटते.) मी त्याला विचारले, ‘दादा, एवढी शिबंदी वर राहायची, तर प्यायचे पाणी कुठून आणत?’ तो म्हणाला, ‘बाई, ते शेवटी.’ शेवट आला तेव्हा मंडळींना भूक लागली होती आणि खाली पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली होती, त्यामुळे पाण्याच्या टाक्याजवळून आम्ही न थांबता खाली उतरलो. जाताना ओझरते पाहिले, कातळात कोरलेले सुरेख टाके होते आणि त्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. ज्या गोष्टीवाचून तो किल्ला आठवडाभरही लढवता आला नसता, ती गोष्ट त्या फेरीत ‘शेवटी’ म्हणून ठेवलेली होती आणि शेवटी ती राहूनच गेली.

हाच प्रश्न मला पुन्हा विचारायला मिळाला तो पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये. मुलगा कामानिमित्त तिथे होता. त्याला दिवसभर वेळ नव्हता आणि आईने एकटीने हरवू नये अशीही त्याची इच्छा होती, म्हणून त्याने माझ्यासाठी तीन तासांचा खासगी मार्गदर्शक ठरवला. खर्चाचा आकडा त्याने मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही, कारण विचारला असता तर मी घरातच बसले असते. मार्गदर्शक पन्नाशीचे गृहस्थ होते, हातात कागदांची एक जाड वही होती. त्यांनी विचारले, ‘तुम्हाला काय पाहायला आवडेल?’ मी म्हणाले, ‘इथे घरोघर नळ येण्यापूर्वी बायका पाणी कुठून आणत, ते दाखवा.’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, ती वही मिटून पिशवीत टाकली आणि म्हणाले, ‘मग आपण वर जाऊ.’

वर म्हणजे कार्मुच्या चौकात. तिथे एका मठाच्या चर्चचे नुसते सांगाडे उभे आहेत, छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सणाच्या प्रार्थनेसाठी शहर चर्चमध्ये जमलेले असताना भूकंप झाला, मागून समुद्र आत आला आणि नंतर कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. ही हकीकत तिथला प्रत्येक गाईड सांगतो. आमचे गृहस्थ त्या सांगाड्याकडे पाठ करून चौकाच्या मध्यावर असलेल्या कारंजाच्या हौदापाशी थांबले. इथून पाणी भरून ते घरोघर पोचवणारे लोक मुख्यतः शेजारच्या स्पेनमधल्या गालिसिया प्रांतातून पोट भरायला आलेले असत, खांद्यावर पिंप घेऊन जिने चढत, आणि शहरात कुठे आग लागली तर धावून जाण्याची सक्तीही त्यांच्यावरच होती. आपल्याकडे पखाल घेऊन फिरणारा भिस्ती ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

मग ते म्हणाले, ‘हे पाणी या टेकडीचे नाही, लांबून आणलेले आहे.’ पाचव्या जुआँव राजाच्या हुकमाने १७३१ साली जलसेतूचे काम निघाले, मांस, तेल आणि दारूवरच्या करातून त्याचा खर्च भागवला गेला आणि १७४८ साली पाणी शहरात आले. त्याचे नाव ‘आग्वाश लीव्रश’, म्हणजे मोकळे पाणी. अल्कांताराच्या दरीवर त्याच्या कमानी उभ्या आहेत, त्यांतली सर्वांत उंच सुमारे ६५ मीटर आहे, आणि सगळे शहर कोसळले त्या भूकंपात ती पडली नाही. मी मनातल्या मनात सनावळी जुळवत होते. हा राजा १७०६ ते १७५० पर्यंत गादीवर होता. आपले थोरले शाहू महाराज १७०८ ते १७४९. म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आपले शहर वसत होते, त्याच काळात तिकडे तो जलसेतू बांधला जात होता, आणि मधल्या १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी याच राजाची वसई घेतली होती.

हे मी त्यांना सांगितले. वसई त्यांना ‘बासाइं’ या नावाने ऐकून माहीत होती, ती कुणी घेतली हे माहीत नव्हते. वसईहून आणलेली घंटा आमच्या जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे आणि तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे, असे म्हटल्यावर ते रस्त्याच्या मधोमध थांबले. त्या दिवसाची पुढची दहा मिनिटे मी मार्गदर्शक होते आणि ते प्रवासी. मोठ्या गटात असे घडत नाही. तिथे मी बोलायला तोंड उघडले असते तर मागच्या ओळीतल्या एखाद्या बाईने घड्याळ पाहिले असते, आणि तिचे चुकलेही नसते.

खाली बायशा भागात आलो. भूकंपानंतर पोंबाल या मंत्र्याच्या कारभारात हा भाग सरळ रेषेत नव्याने आखला गेला आणि त्यातल्या अनेक रस्त्यांना धंद्यांची नावे मिळाली, सोने, चांदी, चांभार, कापडवाले अशी. आपण पेठांना वारांची नावे दिली, त्यांनी गल्ल्यांना कारागिरांची दिली. चांदीच्या गल्लीतून चालताना ते म्हणाले, ‘आता तुमच्या पायाखाली पाणी आहे.’ तिथे रोमन काळातली दगडी दालने आहेत, ती १७७१ साली पुनर्बांधणी चालू असताना सापडली, एरवी पाण्याने भरलेली असतात आणि उपसा करून वर्षातले मोजके दिवसच लोकांना दाखवली जातात. इथे मला एक कबुली द्यावी लागेल. माझा भुयारांवरचा राग त्या दिवशी थोडा कमी झाला.

शेवटी आम्ही आल्फामा या जुन्या वस्तीत, ‘राजाचा हौद’ म्हणतात तिथे गेलो. गुडघे माझे असल्यामुळे किती पायऱ्या होत्या ते सांगत नाही. भिंतीला लागून तोट्यांची रांग आहे. गृहस्थ जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे मी गटाला सांगत नाही, सुट्टीवर आलेल्या लोकांना ते नको असते.’ सोळाव्या शतकात नगरपालिकेने नियम करून या तोट्या वाटून दिल्या होत्या. गुलामांनी आणि कृष्णवर्णीयांनी कोणत्या तोटीवर भरायचे, जहाजांवर वल्ही मारणाऱ्या मूरांनी, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडच्या मुसलमानांनी कोणत्या, गोऱ्या पुरुषांनी कोणत्या आणि गोऱ्या बायकांनी कोणत्या, हे ठरलेले होते. पाणी मागून एकाच झऱ्याचे येत होते.

मला त्यांना धीर द्यावासा वाटला, पण मी साताऱ्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या राजवाड्यातल्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्याच साताऱ्यातल्या शाळेत नळ असूनही त्यांना त्याला हात लावता येत नसे, शिपायाने तो उघडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे ही मुले वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढे रात्रभराच्या बैलगाडीच्या प्रवासात बरोबर डबा असूनही पाण्यावाचून उपाशी राहिली, हेही त्यांनीच लिहिले आहे. पुण्यात जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली सर्वांना खुला केला होता, म्हणजे हे सुचणे त्या काळात अशक्य होते असेही नाही. मी हे सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. ते गृहस्थ आणि मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे होतो, आणि ठरलेले तीन तास तिथेच संपले.

पस्तीस मिनिटे झाल्याची चिठ्ठी माझ्यापुढे येऊन बराच वेळ झाला आहे, दुसरी आता येते आहे, आणि ज्यासाठी आपण आलात त्या साताऱ्याच्या फेरीला मी अजून हात घातलेला नाही. तेव्हा भराभर सांगते.

वाट पाण्याची असावी, कारण आपले शहर उतारावर आहे आणि उतारावरच्या शहरात पाण्याच्या मागे चालले की वस्ती आपोआप उलगडते. सुरुवात पश्चिमेला महादऱ्याच्या तळ्यापासून करावी, वर यवतेश्वराचा डोंगर आणि त्यापलीकडे कासचा तलाव. ते पाणी निव्वळ उताराने शहरात कसे येते, हे तिथे उभे राहूनच समजते. मग खापरी नळांची जुनी सोय कुठून कशी आली असेल त्याचा माग घेत खाली उतरावे. मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही तिन्ही नावे आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो आणि तळ्याकडे मात्र पाहत नाही. तिथून राजवाडा, आणि मग राजपथाने कमानी हौदापर्यंत. परत येताना खालच्या रस्त्याने यावे. अंतर फार नाही, पण बसायला जागा कुठे आहेत हे मार्गदर्शकाला ठाऊक हवे, कारण अशा फेऱ्यांना येणारे बहुतेक जण माझ्या वयाचे असतात.

मार्गदर्शक तरुण असावा आणि याच पेठांत वाढलेला असावा. ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो,’ हे वाक्य त्याला लाज न वाटता म्हणता आले पाहिजे. त्याचे पैसे आधी ठरलेले आणि पुरेसे असावेत. शेवटी टोपी फिरवायची असेल तर तो गोड बोलणार आणि भुयारे पुन्हा निघणार. एका वेळी एक कुटुंब किंवा तीन-चार मित्र, त्याहून जास्त नकोत. ज्यांना एकट्याने खर्च झेपत नाही त्यांनी ओळखीची माणसे जमवावीत, कारण ओळखीच्या माणसांत मधेच प्रश्न विचारायला संकोच होत नाही. आणि राजवाड्यातल्या शाळेपाशी थांबल्यावर नळाची गोष्ट वगळायची नाही, ऐकणारे सुट्टीवर आलेले असले तरीही.

पेढ्यांच्या दुकानापाशी फेरी संपवावी का, असा प्रश्न मघाशी कुणीतरी हळूच विचारला होता. संपवावी, पण दुकान मार्गदर्शकाच्या मेहुण्याचे नसावे.

पहिल्या काही फेऱ्यांना मीच येईन, रविवारी सकाळी साडेसहाला, महादऱ्यापाशी. नावे बाहेरच्या टेबलावर द्या. पाण्याची बाटली आपली आणा, आणि एक प्रश्नही आणा, कारण तो ऐकल्याखेरीज मी चालायला सुरुवात करणार नाही.