जेन कॉब विकला का गेला?

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर चार मालिकावेडे जमले आणि 'फायरफ्लाय'चं नाव निघालं, की एक प्रश्न हटकून येतो. जेन कॉबने सायमन आणि रिव्हर या भावाबहिणीला सरकारच्या हवाली करायचा घाट का घातला? पैशासाठी, की रिव्हरच्या धास्तीने? मालिका 2002 सालची, एकाच हंगामात बंद पडलेली. वाद मात्र अजून ताजा आहे. तो नीट घालायचा कसा, ते आज सांगायचं आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जुनं मालवाहू अंतराळयान, त्यावर नऊ माणसं. कप्तान मॅल हा युद्धात हरलेल्या बाजूचा सार्जंट. सायमन डॉक्टर आहे आणि फरार बहिणीला लपवत फिरतोय. जेन हा पैसे घेऊन बंदूक चालवणारा. नावावर जाऊ नका, चांगला धिप्पाड गडी आहे.

पहिलं काम म्हणजे भागांचा क्रम लावणं. निम्मे वाद इथेच मिटतात. एकूण 14 भाग तयार झाले होते. फॉक्स वाहिनीने 20 सप्टेंबर ते 20 डिसेंबर 2002 या काळात त्यातले 11 दाखवले, तेही उलटसुलट. दुप्पट लांबीचा सुरुवातीचा भाग तर सगळ्यात शेवटी, 20 डिसेंबरला लागला. त्या भागाच्या अखेरीस मॅल जेनला विचारतो, यानावर शिरलेल्या सरकारी माणसाने तुला लाच देऊ केली होती, तू फिरला का नाहीस? जेन म्हणतो, पैसे पुरेसे नव्हते. मग पुरेसे मिळतील त्या दिवशी? जेन म्हणतो, तो दिवस मोठा मजेशीर असेल. तो दिवस उगवतो 'एरियल' या भागात, आणि 'एरियल' लागला 15 नोव्हेंबरला. म्हणजे प्रेक्षकांनी उत्तर आधी पाहिलं आणि प्रश्न महिनाभराने. जेन अचानक फिरला, लेखकांनी ओढूनताणून घडवलं, अशी तक्रार करणारा माणूस बहुधा त्या क्रमाने पाहिलेला असतो. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या डीव्हीडीत सगळे 14 भाग मूळ क्रमाने आहेत. तोच क्रम धरा. एकूण पाहणं साधारण 11 तासांचं, म्हणजे तीन रात्रींत आरामात होतं.

दुसरं काम म्हणजे वही. प्रत्येक पात्रासाठी तीन रकाने आखा: तो काय बोलला, त्याने काय केलं, त्यात त्याचं काय गेलं. भागाचं नाव आणि प्रसंग सांगितल्याशिवाय कोणाचाही मुद्दा मान्य करू नका. मालिकेचे भाग एका बाजूला ठेवा. 2005 चा चित्रपट, नंतरची चित्रकथा आणि मुलाखती दुसऱ्या बाजूला. चित्रपटातली माहिती हाताशी धरून आधीच्या भागातल्या माणसाचं मन वाचायला गेलं की हमखास फसगत होते, कारण त्या क्षणी त्या माणसाला ते ठाऊकच नसतं.

आता जेनची वही उघडू. 'आऊट ऑफ गॅस' या भागात जुना प्रसंग आहे, मॅलच्या यानावर येण्याआधीचा: तो दुसऱ्या टोळीतून मॅलवर बंदूक रोखून उभा असतो. त्याच्या टोळीत त्याला सात टक्के मिळतात. मॅल पूर्ण वाटा आणि स्वतंत्र खोली देऊ करतो, आणि जेन जागच्या जागी आपल्याच साथीदाराच्या पायात गोळी घालतो. 'जेन्सटाउन'मध्ये कळतं, की पूर्वी एकदा वाहन हलकं करायची वेळ आली तेव्हा त्याने आधी जोडीदार खाली फेकला होता, पैसे नंतर. पैशाची बाजू भक्कम दिसते. भीतीवाले मात्र 'एरियल'ची सुरुवात दाखवतात: रिव्हर सुरी घेऊन जेनच्या छातीवर वार करते. पुरावा खरा आहे, खोडून काढता येत नाही.

आमचं मत असं, की पैसा हे कारण आणि वार हे निमित्त. 'एरियल'च्या अखेरीस मॅलला सगळं कळतं आणि तो जेनला एअरलॉकमध्ये, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या दाराच्या खोलीत, कोंडतो. बाहेरचं दार उघडं, यान वर चढतंय, आणि जीव जाण्याच्या वेळी जेन स्वतःच म्हणतो की पैसे फार होते. भीतीचं कारण तिथे सोयीचं होतं, तरी तो ते पुढे करत नाही. त्यानंतर तो जे मागतो ते जास्त मोलाचं आहे: बाकीच्यांना मी काय केलं ते सांगू नकोस. तेवढं ऐकल्यावर मॅल दार लावतो. दयेमुळे लावतो, की कामाचा माणूस गमवायचा नाही म्हणून? शब्द नीट ऐका. जेनने जगू दे म्हणून गयावया केली तेव्हा दार उघडंच होतं. त्याला लाज वाटली तेव्हा ते मिटलं.

पुढच्याच भागात जेन आपल्या वाट्याच्या पैशातून सगळ्यांसाठी सफरचंदांची पेटी आणतो. वहीत तिसऱ्या रकान्यात लिहा.

जेनला निव्वळ लोभी ठरवण्याआधी 'द मेसेज' पाहा. आईचं पत्र येतं. पाठवलेल्या पैशांचा उपयोग झाला, घरच्या मॅटीची छाती अजून बरी नाही, असं त्यात असतं. पैसा कुठे जातो ते तिथे कळतं. हा भाग त्या वर्षी अमेरिकेत दाखवलाच नाही. 'ट्रॅश'ही नाही.

भाषेबद्दलही सांगायला हवं. ही माणसं चिडली की चिनी बोलतात आणि पडद्यावर अर्थ देत नाहीत. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये रागावणारा आणि तेलुगूत हिशेब करणारा शेजार ज्यांना आहे, त्या सोलापूरकरांना यात नवल वाटणार नाही. फक्त त्या शिव्यांचे अर्थ शोधून हेतू ठरवायला जाऊ नका. चेहरा पाहा.

'ट्रॅश' मुद्दाम शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. त्यात उपचाराच्या टेबलावर पडलेल्या जेनला डॉक्टर सायमन सांगतो, तू काहीही केलंस तरी या टेबलावर तू सुरक्षित आहेस. तिथे पडदा थांबवा. कोणी काही बोलायच्या आत प्रत्येकाने आपल्या वहीत एक ओळ लिहावी, की जेनने दगा दिला हे सायमनला कधीपासून माहीत होतं आणि तो आजवर गप्प का बसला. मग वह्या अदलाबदल करून मोठ्याने वाचा.