पहाटे होमर, मग फटके: विल्यम बर्डची सांकेतिक डायरी

नमस्कार मंडळी!

८ फेब्रुवारी १७०९. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीतला एक जमीनदार डायरीत लिहितो: पहाटे ५ वाजता उठलो. हिब्रूतला एक अध्याय वाचला, ग्रीक कवी होमरच्या ओडिसीतल्या २०० ओळी वाचल्या. न्याहारीला दूध घेतलं. प्रार्थना केली. जेनी आणि युजीनला फटके मारले गेले. मग सकाळी कायदा वाचला, दुपारी इटालियन.

जेनी आणि युजीन हे त्याच्या घरातले गुलाम. दूध, प्रार्थना, फटके, कायदा, सगळं एकाच सुरात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या ओळीवरून पुढे निघून गेलो होतो, आणि मग परत मागे आलो.

हा माणूस म्हणजे विल्यम बर्ड दुसरा (वडिलांचंही नाव तेच). जन्म १६७४चा, व्हर्जिनियातला. वडिलांनी लहानपणीच शिकायला इंग्लंडला धाडला. लंडनच्या मिडल टेम्पलमध्ये कायदा शिकून १६९५ मध्ये तो बॅरिस्टर झाला, पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेचा सदस्य. १७०४ मध्ये वडील वारले आणि जेम्स नदीकाठची वेस्टओव्हरची जमीन त्याच्याकडे आली. पीक तंबाखूचं, राबणारी माणसं गुलाम.

आता त्याचं कायद्याचं ज्ञान कुठे वापरलं जात होतं ते बघा. १७०९ पासून तो व्हर्जिनियाच्या कौन्सिलवर, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळावर होता, आणि हेच कौन्सिल वसाहतीचं सर्वोच्च न्यायालय म्हणूनही बसायचं. तिथला १७०५चा कायदा सांगत होता की विरोध करणारा गुलाम मालकाच्या शिक्षेत मेला, तर तो गुन्हा धरायचा नाही. म्हणजे युजीनला दाद मागायची झाली असती, तर वरच्या न्यायासनावर त्याचा मालकच!

बाकी आयुष्य थोडक्यात सांगतो. सासरा डॅनियल पार्क १७१० मध्ये अँटिग्वात जमावाच्या हातून मारला गेला. त्याची जमीन हवी म्हणून बर्डनं त्याचं कर्जही अंगावर घेतलं, आणि ते पुढे कित्येक वर्षं फेडत बसला. १७२८ मध्ये व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाची हद्द आखणाऱ्या मोहिमेत तो होता. १७३७ मध्ये त्याच्याच जमिनीवर रिचमंड शहराची आखणी झाली. १७४४ मध्ये वारला तेव्हा नावावर सुमारे १,७९,००० एकर जमीन होती.

डायरी त्यानं सांकेतिक लघुलिपीत लिहिली होती. मॅरियन टिनलिंग यांनी ती उलगडली आणि १९४१ मध्ये तिचा पहिला भाग छापून आला. दोनशेहून जास्त वर्षं हे कुणाला वाचताच येत नव्हतं.

त्यातली युजीनची पानं मी शोधून वाचली. १७०९ मध्येच तो पळाला. पकडून आणला, चाबकानं मारला आणि तोंडात लगाम घातला. डिसेंबरमध्ये या मुलानं अंथरूण ओलं केलं, तर बर्डनं त्याला लघवी प्यायला लावली. एका आठवड्यात दोनदा.