सुखीची सखी

(फ्रंट-एंड कामाबद्दल, म्हणजे वेबसाइटचा वाचकाला दिसणारा भाग घडवण्याबद्दल, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते, म्हणजे सरांनी ओळख करून देताना जो आदर निर्माण केलाय तो जरा आटोक्यात येईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गृहकर्ज देणाऱ्या संस्थेची साइट करत होतो. पहिल्याच पानावर ठळक, मोठ्या अक्षरांत ओळ होती, 'सुखी संसार, स्वतःच्या घरात'. साइट लाइव्ह झाली, ऑफिसात पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आमच्या साइटवर 'सखी संसार' लिहिलंय." आधी मला वाटलं टायपिंगची चूक असेल. कोड उघडला तर तिथे 'सुखी' अगदी शुद्ध. पानावर मात्र 'सखी'. आणि तीही स्वतःच्या घरात!

झालं काय होतं, तर त्या शीर्षकाची लाइन-हाइट १ ठेवली होती आणि भोवतीच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन. म्हणजे अक्षराचा आकार जेवढा तेवढीच ओळीची उंची, आणि बाहेर येईल ते छाटून टाकायचं. 'सु'चा उकार खाली लोंबत होता, तो छाटला गेला. वरच्या वेलांटीचाही शेंडा उडाला होता, पण ती वाचता येत होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. डिझाइन आमच्याकडे आलं तेव्हा त्यात इंग्रजी मजकूर होता. एकाखाली एक घट्ट बसवलेली भली मोठी शीर्षकं, तेव्हा ती फॅशनच होती. रोमन अक्षरांना ती शोभून दिसली. मराठी मजकूर अगदी शेवटी, रात्री अकरा वाजता, मी स्वतः चिकटवला आणि घरी गेले.

'बदलत्या ट्रेंडमध्ये फ्रंट-एंडचं काम' हा विषय मिळाल्यावर मला पहिल्यांदा हा उकारच आठवला. कारण वेबवरची जवळजवळ प्रत्येक फॅशन रोमन लिपीच्या मापाने शिवून येते. आपण ती उसवायची आणि आपल्या अंगाला बसेल अशी पुन्हा शिवायची. या धंद्यात मला जे काही येतं, त्यातलं बरंचसं मी असं उसवतानाच शिकले.

मी २००७ मध्ये कामाला लागले. तेव्हा पानाची मांडणी टेबलांनी व्हायची. दोन रकाने हवे असतील तर टेबलात टेबल, आणि मध्ये जागा सोडायला एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर आमच्या मानगुटीवर होता. मराठी साइटचं दुखणं आणखी निराळं. समोरच्याच्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसली की नुसते चौकोन दिसत. ती सोय चालू करायला विंडोजची सीडी लागे, आणि सीडी कुणाकडेही नसे. त्यामुळे बऱ्याच साइट शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर भरत. वाचकाकडे तो फॉन्ट नसला की पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारा युनिकोड सगळीकडे रुळला आणि हे संपलं. माझ्या मते मराठी वेबवरचा सगळ्यांत मोठा बदल हाच. पण त्याला ट्रेंड म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाकी इतिहास तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगते. २००६ साली जावास्क्रिप्टचं, म्हणजे पान हलतं-बोलतं करणाऱ्या भाषेचं, काम सोपं करणारं जेक्वेरी आलं, ते आम्ही डोक्यावर घेतलं. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची, कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी बटणं, रकाने असे तयार तुकडे देणारं बूटस्ट्रॅप आलं आणि सगळ्या साइट जुळ्या बहिणी दिसू लागल्या. मग पानं बांधायची जावास्क्रिप्टची साधनं: अँग्युलर, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट, मग व्ह्यू. पानावर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश २०२० च्या शेवटी गेलं. एक मित्र फ्लॅशमध्ये लग्नपत्रिका करायचा, नाचणाऱ्या गणपतीसकट. आता त्यातली एकही उघडत नाही.

आता तुम्ही वापरता ती मांडणी, सीएसएस ग्रिड, म्हणजे पान आडव्या-उभ्या रकान्यांत विभागायची सोय. मार्च २०१७ या एकाच महिन्यात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांमध्ये ती आली. टेबलांनी दहा वर्षं जे झगडून केलं ते दोन ओळींत व्हायला लागलं. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला.

असो. परत लिपीकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

२०१३ मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं आणि सगळ्यांना बारीक, काडीसारखी अक्षरं हवीशी झाली. रोमनमध्ये ती नाजूक दिसतात. देवनागरीत जोडाक्षरांची गर्दी असते. साध्या स्क्रीनवर त्या जाडीत 'द्ध' आणि 'द्व' ओळखू येईनात. पुढच्या वर्षी गूगलचे मटेरियल डिझाइन नावाचे डिझाइनचे नियम आले, त्यात बटणावरचा मजकूर सगळा कॅपिटल. आपल्याकडे कॅपिटल आहे कुठे? अप्परकेस लावलं तरी 'पुढे जा' हे 'पुढे जा'च राहतं. मग बटण उठून दिसायला जाडी वाढवा, रंग बदला, आजूबाजूला जागा सोडा. शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आली. लेटर-स्पेसिंग वाढवलं की आपली शिरोरेषा तुटते, आणि शब्द उखडलेल्या कुंपणासारखा दिसतो.

सगळ्यांत मजा अ‍ॅनिमेशनची. शीर्षकातलं एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसतं, बघितलं असेल तुम्ही. त्यासाठी जावास्क्रिप्टने शब्द फोडून प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, ठेवतात. 'मराठी' हा शब्द तसा फोडा. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्टला पाच. म, र, काना, ठ, वेलांटी. मग काना एकटाच ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उडत येतो. प्रदर्शनाला नेण्यासारखं दृश्य असतं. आता यावर इंटल सेगमेंटर नावाची सोय ब्राउझरमध्येच आहे, ती शब्द अक्षरांप्रमाणे फोडते. पण अ‍ॅनिमेशनच्या लायब्ररीने ती वापरली आहे का, ते आपणच उघडून बघावं लागतं. 'पुढे वाचा'च्या आधी मजकूर ठरावीक लांबीवर कापता ना, तिथेही हेच. कापायची जागा चुकली की 'शाळा'चा 'शाळ' होतो.

आणखी एक, फार छोटी गोष्ट. पान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे खुणेत, लँग, म्हणजे पानाची भाषा, लिहितात. तयार साच्यांत तिथे बहुधा इंग्रजीचा 'ईएन' असतो, आणि मराठी साइटवरही तो तसाच राहतो. दिसत नाही म्हणून कुणी हात लावत नाही. पण अंध माणसाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यावरूनच भाषा ठरवतो. शिवाय आपला 'ल' आणि 'श' हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. मराठीचा 'एमआर' लिहिलात तर मराठी वळण उमटतं. दोन अक्षरांचं काम आहे. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. पहिल्या दिवशी सगळे जरा नाराज होतात.

मघाशी एकाने विचारलं, "मॅडम, मग रिअ‍ॅक्ट शिकायचं की नाही?" शिका. नोकरीच्या जाहिरातीत तेच लिहिलेलं असतं आणि घरचा हप्ता भरायचा असतो. पण हे लक्षात घ्या, की आज मी जेवढी दुखणी सांगितली त्यातलं एकही रिअ‍ॅक्टमुळे झालेलं नाही आणि रिअ‍ॅक्टने बरंही झालं नाही. ती कळायला ब्राउझर ओळ कशी मोजतो, फॉन्ट कसा उतरवतो, अक्षर कशाला म्हणतो, हे माहीत असावं लागतं. जेक्वेरीचं माझं ज्ञान आता कुणी विचारत नाही. लाइन-हाइटचं मात्र अजून रोज लागतं.

दुसरा प्रश्न होता की आता एआय कोड लिहितं, मग आपलं काय. मीही लिहून घेते, वेळ वाचतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडून एक कार्ड, म्हणजे पानावरचा चौकटीतला तुकडा, करून घेतलं. सुरेख होतं. लाइन-हाइट १, ओव्हरफ्लो हिडन.

त्या फोननंतर मी एक ओळ ठरवून ठेवली आहे. नवीन डिझाइन आलं की त्यातला इंग्रजी मजकूर काढते आणि आधी ती ओळ टाकते. फळ्यावर लिहिते, हवी तर उतरवून घ्या: 'कुऱ्हाड, कीर्ती, हृदय, शाळा, सुखी संसार'. मागच्या बाकांवर उकार दिसतोय ना?